सगळे पोचले

दादा गेला तेव्हा मला रडू आलं नाही. लोक आले, बसले, गेले. मी चहा देत राहिलो. डोकं बधिर झालं होतं आणि खरं सांगायचं तर ते बरंच होतं.

घरच्यांसाठी मी एक ॲप केलं होतं. संध्याकाळी घरी आलं की ज्याने त्याने बटण दाबायचं. आई, बाबा, दादा, वहिनी आणि मी, पाचही जण आले की प्रत्येकाच्या फोनवर ‘सगळे पोचले’. दादा मोटारसायकल हाणायचा, म्हणून आईच्या जिवाला घोर नको, एवढाच हेतू. आता ते रोज सांगायचं, ‘दादा अजून पोचला नाही.’

“भावजी, ह्यांचं नाव काढा,” वहिनी म्हणाली. “आईंना बघवत नाही.”

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत काढलं. एका ओळीचं काम. शेजारच्या खुर्चीवरच्या सहकाऱ्याने, त्याला आम्ही मास्तर म्हणतो, सवयीने नाक खुपसलं. “नावांची बदलती यादी कशाला? इम्युटेबल कर. एकदा केली की तिला हात लावायचा नाही. माणूस कमी झाला तर नवी यादी करायची.”

“चार माणसांचं घर आहे रे, बँक नाही.” ‘चार’ तोंडातून सहज निघालं.

संध्याकाळी ‘सगळे पोचले’ आलं. आईने ते वाचून फोन पालथा ठेवला. वहिनी मात्र फोन घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

“ॲपमध्ये मागचे दिवस बघत होते. हे कुठेच नाहीत. हे कधी घरी आलेच नव्हते का?”

मास्तरचं बोलणं तेव्हा डोक्यात शिरलं. आजची संध्याकाळ काय नि गेल्या वर्षीची काय, सगळ्या त्या एकाच यादीकडे बघत होत्या. मी नाव आज खोडलं आणि दादा सगळ्याच दिवसांतून गेला. त्याच्या वाढदिवसालाही आम्ही चौघंच पोचलो होतो. स्वतःची चीड यायला हवी होती. तीही आली नाही.

जेवणाच्या टेबलावरच लॅपटॉप उघडला. प्रत्येक संध्याकाळीला तिची स्वतःची, न बदलणारी यादी दिली. आधीच्या दिवसांना पाच जणांची, नंतरच्यांना चौघांची. दादा परत आला, उशिरा यायच्या सवयीसकट. मध्ये एकच दिवस उरला, दादा गेला तो. त्या सकाळी तो घरून निघाला होता.

“ह्या दिवशी किती धरू?” मी विचारलं. आवाज हिशेब विचारल्यासारखा सपाट.

“पाच,” वहिनी म्हणाली. “मी ह्यांचं ताट वाढलं होतं.”

मी पाच धरले. त्या यादीला आता मलाही हात लावता येणार नाही. स्क्रीनवर त्या दिवसापुढे ओळ उमटली, ‘दादा अजून पोचला नाही.’ तेव्हा कुठे मला रडू आलं.