शंभरातले चार दाणे

मे महिन्याच्या उधाणात उरणजवळच्या एका गावाचा बांध फुटला आणि खाडी शेतात शिरली. पाणी ओसरल्यावर जमिनीवर मिठाचा पांढरा थर राहिला. गोटीराम घरत चार शेतकऱ्यांना घेऊन सरकारी भात संशोधन केंद्रात आला. खाऱ्या जमिनीत तगणारं बियाणं मिळालं तर इथेच, एवढं त्याला ठाऊक होतं.

केंद्रातल्या शास्त्रज्ञ अरुणाताई रोज नेरूळहून येत. तशी एक जात तयार करण्यात त्यांची चौदा वर्षं गेली होती. पण बियाण्याच्या थंड खोलीचं यंत्र दोन वर्षं बंद होतं. दुरुस्तीच्या प्रत्येक प्रस्तावाला एकच उत्तर यायचं, निधी नाही. पेरून बियाणं ताजं करायला मजूर नव्हते. गावोगाव फिरणारे कृषी सहायक वामन निवृत्त झाले, त्यांची जागाही भरली नाही.

उगवतात का पाहायला अरुणाताईंनी त्या खोलीतले शंभर दाणे ओल्या कागदात गुंडाळून ठेवले. आठवड्याने गोटीरामसमोरच कागद उलगडला. चार दाण्यांना कोंब आले होते. गोटीरामने ते चार दाणे बोटाने पुन्हा मोजले. तो ओरडला असता तर त्यांना बरं वाटलं असतं.

त्या तडक बेलापूरला वरिष्ठांच्या कार्यालयात गेल्या. श्यामसुंदर साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि हल्ली खासगी कंपन्यांची बियाणी मिळतात की, असं सुचवलं.

"साहेब, खारी शेती उरलीय किती? एवढ्याशा जमिनीसाठी कुठली कंपनी चौदा वर्षं थांबेल?" अरुणाताईंनी विचारलं. "म्हणून तर हे सरकारचं काम आहे."

साहेबांनी विषय वर कळवतो म्हटलं.

दोन दिवसांनी यशोदाबाई भाताची पिशवी घेऊन केंद्रात आल्या. गोटीरामच्याच गावच्या, पण त्यांचं शेत उंचावर, म्हणून वाचलेलं. आठ वर्षांपूर्वी वामननी त्यांच्या शेतात या जातीची प्रात्यक्षिक लागवड करून दाखवली होती.

"वामनभाऊनं सांगलेलं, दर साली थोरं बियानं राखून ठेव," त्या म्हणाल्या. "म्हनून ठेवलंय, बाय. घरी पिंप भरून हाय."

ते बियाणं उगवत होतं, पण आठ वर्षांत त्यात दुसरं भात मिसळलं होतं. अरुणाताई आणि गोटीराम दाणा दाणा निवडत बसले. नऊ घरांच्या रोपांपुरतं बियाणं निघालं. दिवाळीच्या सुमारास खाऱ्या शेतांत भात कापलं गेलं, नेहमीच्या निम्मं, पण आलं. बाकीच्यांची शेतं पडीकच राहिली.

मग बेलापूरहून अहवाल आला, अरुणाताईंच्या सहीसाठी. त्यात लिहिलं होतं की शेतकरी लोकसहभागातून बियाणं जपत असल्यामुळे केंद्राला वेगळ्या निधीची गरज नाही.

अरुणाताईंनी तो दोनदा वाचला. सही न करता त्यांनी खाली लिहिलं: 'हे बियाणं केंद्रात तयार झालं, वामन यांनी शेतापर्यंत नेलं, यशोदाबाईंनी जगवलं. पहिली दोन कामं तुम्ही बंद पाडलीत आणि यशोदाबाईंच्या कष्टांवर स्वतःची पाठ थोपटताय.'

तो कागद घेऊन त्या गावात गेल्या. गोटीरामने सही केली, ज्यांची शेतं पडीक राहिली त्यांनीही केली. यशोदाबाईंनी एकेक अक्षर जोडत नाव लिहिलं.

कागद बेलापूरला परत गेला. उत्तर अजून आलेलं नाही. अरुणाताईंना मात्र शिस्तभंगाची नोटीस आली आहे.