पिवळी फुली

व्हितो स्कार्चेला फाटकातून पुन्हा आत शिरला, तेव्हा त्याची छाती वीतभर फुगली होती. तो जिथं राबायचा तो एलिझाबेथ गावातला मोटारींचा कारखाना बंद पडून बरीच वर्षं झाली. तेव्हापासून हा गडी लोकांची लॉन कापत फिरायचा आणि कुंपणाआडची ओस शेड दिसली की मनातल्या मनात शिव्या हासडायचा. आता त्याच शेडच्या एका कोपऱ्यात त्याच्या पुतणीनं, रोझाल्बानं, दवाखान्याच्या खाटा बनवायला घेतल्या होत्या. इतकी वर्षं त्या बाहेरून बोटीनं यायच्या. पहिली ऑर्डर नीट गेली तर पुढची मिळणार, नाहीतर शेडला परत कुलूप.

व्हितोकडं जोड तपासायचं काम. "आम्ही अख्ख्या मोटारी बनवल्यात, तुमच्या खाटांचं काय घेऊन बसलात!" असं त्यानं पहिल्याच दिवशी सगळ्यांना ऐकवलं होतं. नजर मात्र अजून तिखट. वेल्डिंग कच्चं दिसलं की खिशातला मेणखडू काढायचा, फ्रेमच्या पायावर पिवळी फुली मारायची आणि फ्रेम पुढं ढकलायची. मोटारींच्या कारखान्यातली हीच रीत. तिथं कामाचा फिरता पट्टा थांबवायचा नाही, मरण आलं तरी नाही. थांबवणाऱ्याकडं सगळे चोराकडं बघावं तसे बघायचे. फुलीवाला माल शेवटाला दुरुस्तीवाले बाजूला काढत.

शुक्रवारी दुपारी चहा पिता पिता त्याचं लक्ष मासूमाकडं गेलं. ही पॅकिंगवाली बाई, अफगाणिस्तानातून आलेली, कामाला वाघीण. चिंधी घेऊन ती फ्रेमचा पाय घासत होती.

"काय करतेस गं?"

"हे पिवळं कोण फासतं कोण जाणे! आठवडाभर पुसून पुसून हात दुखले, व्हितोभाऊ. दवाखान्याला काय असा घाण माल पाठवायचा?"

कप व्हितोच्या ओठाशीच राहिला. अरे देवा! इथं शेवटाला दुरुस्तीवाले नव्हतेच. शेवटाला मासूमा होती, आणि तिच्यापुढं ट्रक. तो तर भरून फाटकाकडं निघाला होता.

साठीला टेकलेला माणूस, पण धावत सुटला नि ट्रकच्या आडवा आला.

"काका, वेड लागलंय का तुला?" रोझाल्बा ओरडत आली. "आज माल पोचला नाही तर गेलं सगळं!"

काहीतरी थाप मारता आली असती. पण त्यानं सगळं खरं सांगून टाकलं. रोझाल्बाचा चेहरा पांढराफटक पडला.

"मग पट्टा थांबवायचा होतास की! थांबवायचं बटण काय शोभेला लावलंय?"

"हात धजत नाही गं पोरी. जन्मभर तेच शिकलो."

तिनं दवाखान्याचा नंबर लावला आणि फोन त्याच्या हातात कोंबला. "तूच सांग त्यांना. मला रडू फुटेल."

"माल निघाला ना?" दवाखान्याची खरेदी बघणाऱ्या बाईंनी विचारलं.

"नाही. काही जोड कच्चे आहेत. मीच पुढं ढकलले. कुठले ते आता कळत नाही. म्हणून सगळाच माल उतरवतोय."

"मागं बोटीनं आलेली एक खाट पेशंटसकट मोडली," बाई म्हणाल्या, "तेव्हा जाब कुणाला विचारायचा तेच कळेना. नाव काय तुमचं?"

"व्हितो."

"सोमवारी सकाळी माल पाहिजे, व्हितो. त्यातली एक जरी मोडली ना, तर तुमच्या दारात येईन."

"या," तो म्हणाला. डोळे भरून आले होते, ते त्यानं बाहीला पुसले आणि पहिली फ्रेम उतरवायला तो ट्रकवर चढला.