रत्नम्माच्या भट्टीची नोंद

रेणुकादास देवणीकरांनी ‘सेंद्रिय’ या शब्दावर लाल रेघ ओढली आणि कागद विनीतासमोर धरला.

“प्रमाणपत्र आहे?”

“नाही, सर.”

“मग शब्द गेला.”

‘सुप्रसिद्ध’ आधीच गेला होता. ‘रुचकर’ तर पहिल्याच झटक्यात गेला. उदगीर आज ना उद्या जिल्हा होणार आणि झालाच तर त्याचा स्वतःचा कोश तयार असावा, म्हणून कोशाचं संपादन हाती घेतलेल्या बापूसाहेबांनी गावातल्या चार शिकल्यासवरल्या माणसांना कामाला जुंपलं होतं. जिल्ह्याची बातमी दरवर्षी येई आणि विरून जाई. कोश मात्र खरंच पुढं सरकत होता. नोंदी तपासायचं काम रेणुकादासांकडं आलं, कारण कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झाल्यावरही दुसऱ्याच्या वाक्यातली खोट काढल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. घरी आमटी वाढली की त्यांची बायको लता आधी त्यांच्या तोंडाकडं बघायची.

विनीता त्यांची जुनी विद्यार्थिनी. आता ती शाळेत शिकवत होती आणि कोशासाठी तिची ही पहिलीच नोंद होती, रत्नम्माच्या बेकरीवर. चांगली दोन पानं लिहून आणली होती पोरीनं. त्यातल्या आठ-दहा ओळी शिल्लक होत्या आणि तिचे डोळे भरून यायच्या बेतात होते.

“एवढं शेवटचं वाक्य राहू द्या, सर.”

शेवटी लिहिलं होतं : ‘ही भट्टी पेटल्यापासून आजवर कधी विझलेली नाही.’

“कशावरून?”

“सगळेच सांगतात.”

“सगळे सांगतात म्हणून तर तपासायचं.” रेणुकादासांनी टोपी घातली. “चल, बघून येऊ.”

ऊन असं होतं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. लातूरला त्या उन्हाळ्यात रेल्वेनं पाणी येत होतं, आणि उदगिरात गल्लीगल्लीत रिकाम्या घागरी टँकरची वाट बघत रांगेत बसलेल्या होत्या. बेकरी मोंढ्यामागच्या बोळात होती. पुढं एक फळी, त्यावर पावाच्या लाद्या, आणि आत भिंतीएवढी विटांची भट्टी. ती रत्नम्माच्या नवऱ्यानं, संगप्पानं बांधलेली. संगप्पा गेल्यावर साठी उलटली तरी रत्नम्माच ती चालवत होती.

“रत्नम्मा, हे आमचे देवणीकर सर,” विनीता म्हणाली. “नोंद तपासायला आलेत.”

“तपासा की. सोमवारपत्तोर हाय.”

“सोमवारी काय?”

“भट्टी इझवणार.”

तिनं ते इतक्या साध्या आवाजात सांगितलं की विनीताला आधी कळलंच नाही. बोअर आटला होता. टँकरचं वाट्याला येणारं पाणी प्यायला आणि पूजेलाच पुरत नव्हतं, तर कणीक कशात भिजवणार? आणि एवढी मोठी भट्टी एकदा गार पडली की पुन्हा तापवायला कितीतरी दिवस लाकूड जाळावं लागतं, विटा तडकतात, त्या काढून बसवाव्या लागतात.

“माझ्यानं आता त्ये न्हाई व्हायचं,” रत्नम्मा म्हणाली. “इझली म्हंजे इझली.”

“अहो, पण लोक पाणी द्यायला तयार आहेत. समोरच्या कमलम्मा काल घागर घेऊन आल्या होत्या ना?”

“आली व्हती. माघारी धाडली.”

“का?”

“लोकांनी पाणी फुकट द्यायचं आन् मी त्याचा पाव करून इकायचा. म्हंजे मी पाणीच इकलं की, बाई. दुष्काळात पाणी इकू न्हाई. ह्यांनी कधी केलं न्हाई, मी बी करणार न्हाई.”

पाणी देणाऱ्याला पुण्यच लागतं असं विनीतानं सांगून पाहिलं, नाइलाजाचं सांगून पाहिलं. रत्नम्मा फळीवरचे पावाचे कण हातानं गोळा करत राहिली. ऐकून घेत होती, पण हलत नव्हती.

रेणुकादास मात्र आपलं काम करत होते.

“गहू कुठला?” त्यांनी विचारलं.

“रेणापूरकडला. माझा भाऊ शिवप्पा पिकवतोय. कोरडवाहू बन्सी.”

“खत घालत नाही?”

“खताला पाणी लागतंय, सर. पाणी असतं तर त्यानं बी घातलं असतं.”

रेणुकादास हसले. आपल्या फायद्याची गोष्ट एवढ्या सहज खोडून टाकणारं माणूस त्यांना कोशाच्या कामात अजून भेटलं नव्हतं. आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की ही भट्टी विझू नये असं आपल्याला वाटतंय. फार वाटतंय. तपासणाऱ्यानं असं काही वाटून घ्यायचं नसतं, हे त्यांनी स्वतःच सगळ्यांना बजावून सांगितलं होतं.

ते बाकावर बसले आणि नोंद पहिल्यापासून वाचू लागले, खोडलेल्या ओळींसकट. दुसऱ्या पानावर लाल रेघेखाली एक वाक्य होतं : ‘उन्हाळ्याच्या सुटीत गिऱ्हाइकं घरून पीठ, साखर, तूप आणतात आणि बिस्किटं भाजून नेतात.’ शेजारी त्यांच्याच अक्षरात शेरा होता, ‘गावोगाव आहे. नको.’

“रत्नम्मा, बिस्किटाचं तूप कुणाचं?”

“ज्याचं त्याचं. सुटी लागली की येत्यात डबे घेऊन.”

“मग तुम्ही तूप विकता?”

“न्हाई. भाजणावळ घेते निस्ती.”

“साखर?”

“सर, माझी परीक्षा घेऊन राहिलात काय?”

“तूप त्यांचं, साखर त्यांची, पीठ त्यांचं. तुमची फक्त आच. त्यात पाणीही त्यांचंच आलं, तर विकलं काय तुम्ही?”

रत्नम्मानं वर बघितलं. “बिस्किटाला पाणी कुठं लागतंय?”

“पावाला लागतं.”

“पाव कुणी भाजून नेत न्हाई. पाव इकतच घेत्यात.”

“रीत नाही, मान्य. पण रीतीला सोडूनही नाही.”

गळ्यातल्या इष्टलिंगाला तिनं हात लावला, मग पदर सारखा केला.

“बघू,” ती म्हणाली.

बोळातून बाहेर पडताना विनीताचा चेहरा उतरला होता. “सर, आपल्याकडं ‘बघू’ म्हणजे नाहीच असतं.”

रेणुकादासांनाही ते ठाऊक होतं.

सोमवारी सकाळी त्यांनी लताकडं डबाभर पीठ आणि कळशीभर पाणी मागितलं, आणि कशाला ते सांगितलं. टँकर येऊन चार दिवस झाले होते. लतानं कमरेवर हात ठेवले.

“लग्न झाल्यापासून पिठाचा डबा कुठं असतो ते तुम्हाला माहीत नाही, आणि आज पाव भाजायला निघालात?”

“चूक काढायची राहिली होती एक. स्वतःची.”

तिनं पीठ चाळून दिलं. कळशी भरली, वर फडकं बांधलं. “आज दोघं एका ताटात जेवू,” ती म्हणाली. “घासायचं भांडं तेवढंच कमी.”

भर रस्त्यातून कळशी घेऊन निघालेले देवणीकर सर बघून ओळखीच्या दोघातिघांनी सायकली थांबवल्या. सरांना लाज वाटली, नाही असं नाही. पण पाणी सांडू नये म्हणून त्यांना मान वळवता येत नव्हती, ते एक बरं झालं.

रत्नम्मानं लाकूड घालणं थांबवलं होतं. भट्टीच्या तोंडाशी राखेखाली निखारे होते. तिनं आधी डब्याकडं बघितलं, मग कळशीकडं. कळशीकडं जरा जास्तच वेळ.

“खरंच आलात की.”

“पीठ आमचं, पाणी आमचं. भाजून द्या.”

“ह्यातलं सगळं तुमीच न्यायचं. एक पाव बी मी इकणार न्हाई.”

“सगळं आम्हीच नेणार.”

तिनं फडकं सोडून पाण्यात बघितलं आणि पुन्हा नीट बांधलं. “सावलीत ठिवा. उनानं उडतंय,” ती म्हणाली, आणि कोपऱ्यातलं एक जाड लाकूड ओढून तिनं भट्टीत सारलं. समोरच्या दारात कमलम्मा उभी होती. ती आत गेली आणि तिच्या घरातून डबे उघडल्याचे आवाज येऊ लागले.

विनीता शाळेला जाता जाता धावत आली. हातात नोंदीचा कागद होता, आणि आतला जाळ बघून तिला हसावं की रडावं कळेना.

“सर, मग शेवटचं वाक्य? ठेवायचं?”

“कागद बापूसाहेबांना नेऊन दे. ते तपासतील.”

“तुम्ही का नाही?”

“मी कसा तपासू?” रेणुकादास भट्टीकडं बघत म्हणाले. “माझं पीठ आत आहे.”