पंचावन्न मिनिटं

"विमानाने पंचावन्न मिनिटं, साहेब. सहाशे किलोमीटर म्हणजे आजकाल काही अंतर आहे का!"

हे कोर्टात छाती काढून सांगितलं लिफ्टवाल्याने स्वतःच. घटस्फोटानंतर हा माणूस इतक्या लांबून मुलीला भेटायला येणार कसा, असा बायकोच्या वकिलाचा सवाल होता. यावर त्याने विमानाचं तिकीटच नाचवलं. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं आणि ठरवून टाकलं: दर शनिवारी, सकाळी अकरा ते दोन, कोर्टाच्या भेट-केंद्रातल्या खोलीत. आपल्या हाताने आपल्याच पायावर धोंडा मारून घेणं म्हणतात ते हेच.

उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलेला माणूस. लोक बोंब मारतात ती लिफ्ट हळू चालते म्हणून नाही, ती येतच नाही म्हणून, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? पण कोर्टात त्या दिवशी अक्कल गहाण पडली होती.

आज तिसरा शनिवार. पहिल्या शनिवारी बाराला पोचला, दुसऱ्या शनिवारी साडेबाराला. शुक्रवारी उशिरापर्यंत ड्युटी, म्हणून आदल्या दिवशी निघायची सोय नाही. पहाटे पाचला उठून तो बाहेर पडला. विमानतळ गावाबाहेर, तिथवर बसने सव्वा तास. मग रांग. बूट काढा, पट्टा काढा. पिशवीच्या कप्प्यात विसरलेला स्क्रू-ड्रायव्हर निघाला, त्याची चौकशी वेगळी.

आठचं विमान साडेअकराला उडालं. का, ते कोणी सांगेना.

"थोडाच वेळ, सर," हवाई सुंदरी चौथ्यांदा गोड हसून म्हणाली.

"बाई, माझी मुलगी तिकडे वाट बघत बसलीय हो!"

हवेत मात्र बरोबर पंचावन्न मिनिटं. एक मिनिट इकडे नाही की तिकडे. आणि उतरल्यावर दार उघडेना, कारण शिडी आली नव्हती. शिडी! लोकांना विसाव्या मजल्यावर चढवणारा हा माणूस, आणि याला दहा फूट खाली उतरवणारं कोणी नव्हतं. त्याच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पुढे टॅक्सी, पुढे सिग्नल, त्यापुढे आणखी सिग्नल.

खोलीत शिरला तेव्हा पावणेदोन वाजले होते. कोपऱ्यात देखरेखीच्या बाई वहीत काहीतरी लिहीत होत्या. आठ वर्षांची लेक छोट्या टेबलापाशी बसली होती. चित्राचे तुकडे तिने एकटीनेच जोडून संपवले होते. ती रुसली असती, रडली असती, तर त्याला जरा बरं वाटलं असतं.

"बाबा, विमानाला किती वेळ लागतो?"

"पंचावन्न मिनिटं," जीभ सवयीने बोलून गेली.

"माझ्या शाळेच्या बसला पण तेवढाच लागतो." ती शांतपणे तुकडे पुन्हा डब्यात भरू लागली. "मी तर रोज जाते. आणि मला एकदा पण उशीर नाही झाला."

तो गुडघ्यांवर तिच्यासमोर बसला. बस, रांग, शिडी, सगळं ओठांवर आलं होतं. नीट समजावून सांगायचं तर निदान अर्धा तास हवा होता.

"दहा मिनिटं राहिलीत हं," बाई म्हणाल्या.