बारा नंबरचा आवाज

"बॅटरी तू बदललीस? स्वतः?" रॉन्नीनं विचारलं.

"गळायला लागली होती. नवी झाळून टाकली," मी म्हणालो.

बोरोस शहराच्या बस डेपोत तीस वर्षं मी वायरिंगचंच काम केलं. शनिवारी माझ्या गेलेल्या बायकोच्या, मारिताच्या आठवणीसाठी रॉन्नी तिची जुनी गाणी वाजवणार होता. तोवर तिचा सिंथेसायझर ठीकठाक असावा, एवढंच माझ्या मनात होतं.

रॉन्नी खाली बसला. त्र्याऐंशी साली त्याचा आणि मारिताचा दोघांचाच बँड होता. तो हळूच म्हणाला, "गाढवा, तिनं बनवलेले सगळे आवाज त्या बॅटरीवर टिकून होते. आधी ते कॅसेटवर उतरवून घ्यायचे असतात."

मी बारा नंबरचा आवाज लावून पाहिला. नुसती खरखर आली. तो आवाज तिनं एका हिवाळ्यात महिनाभर बसून बनवला होता. बारीक आणि गार. यात माणूसच नाही, असं मी तिला एकदा म्हटलं होतं. तर ती म्हणाली होती, गिटारवाले आपलं दुःख सांगत सुटतात. हे यंत्र काही सांगत नाही, म्हणून मला ते खरं वाटतं.

रॉन्नी आठवेल तसा तो आवाज पुन्हा जुळवायला लागला. तासभर नॉब फिरवल्यावर म्हणाला, "हाच."

"नाही. हा टोचतो."

"स्टेजवर माझ्या कानाशी वाजायचा, स्टेलान. तू मला सांगणार?"

स्टेजवरचा आवाज मला माहीतच नव्हता. आमचं लग्न झालं ते बँड मोडल्यावर. ती या खोलीत वाजवायची आणि मी पलीकडे स्वयंपाक करायचो. मी रॉन्नीला तसं सांगितलं. मला वाटलं, हसेल. तो म्हणाला, "मग जा तिकडे. आणि दार लावून घे."

मी दार लावून ओट्याशी उभा राहिलो. तो पलीकडून विचारायचा, मी इकडून सांगायचो. अजून खाली घे. सुरुवात जरा सावकाश होऊ दे. नाही, मघाचाच बरा होता.

मग एकदा पलीकडून तो बारीक, गार आवाज आला. रॉन्नीनं पुन्हा विचारलं.

"तसाच ठेव," मी म्हणालो.

"मग ये ना इकडे."

"तू वाजव."

तो वाजवत राहिला. मी दाराच्या मुठीला हात लावला आणि तसाच उभा राहिलो. दार उघडलं असतं, तर खुर्चीत रॉन्नी दिसला असता.