अँटिओकची चांदी

“ते नाणं सहाणेवर उगाळू नका, मनस्विनी,” केशवराव म्हणाले, तेव्हा सुनेला वाटलं, सासऱ्यांचा जीव संग्रहात अडकलाय.

केशवराव इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक. नाणं प्राचीन सीरियातल्या अँटिओकचं, रोमन सम्राटाच्या चेहऱ्याचं. “शहर ग्रीकांचं, हुकूम रोमचा. पुढं पुढं चांदी कमी करत गेले आणि तांबं, शिसं घालत गेले. वरून पांढरं दिसतं, एवढंच.”

“घरचा निजामाच्या काळचा चांदीचा हाली रुपया तुम्हीच देऊन टाकलात ना मित्राला?” सासूबाई भानुमती म्हणाल्या. “आता नातीच्या गुटीला तुमचा हा नकटा राजाच चालवून घेऊ.”

मनस्विनी हसली. रसायनशास्त्रात पदवी घेतलेली ती. तरी रोज सकाळी वेखंड, हळकुंड, जायफळ झालं की सहाणेवर राजाचे दोन वळसे ठरलेले.

श्रेया सहा महिन्यांची झाली आणि तिचं दूध पिणं कमी झालं. पोट धरून रडायची, चेहरा फिका पडलेला. डॉक्टरांनी विचारलं, “गुटीत काय काय देता?” मनस्विनीनं सगळं सांगितलं. नाण्यापाशी तिचा आवाज खाली आला. रक्तात शिसं निघालं. “वेळेत आणलंत,” डॉक्टर म्हणाले आणि श्रेयाला दाखल करून घेतलं.

तेव्हा कुठं तिच्या ध्यानात आलं, नाणं आता दुसऱ्याच बाळाच्या घरी आहे.

पंधरा दिवसांपूर्वी मालिशवाली केसरबाई म्हणाली होती, “ताई, लई गुणाचं नाणं हाय म्हणं. माझ्या दीपमालाच्या पोराला बी दोन वळसे देते, मग आणून देते.” मनस्विनीनं कौतुकानं काढून दिलं. केसरबाई मुकुंदवाडीची खोली बंद करून लेकीकडं पाचोडला गेली. फोन बंद तो बंदच.

केशवराव पाचोडच्या बाजारात दिवसभर विचारत फिरले. केसरबाईच्या जावयाचं आडनाव घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. रिकाम्या हातानं परत आले.

आता ती श्रेयाच्या खाटेशी बसून मिळेल त्या ग्रुपवर लिहितेय. तेच ती तुम्हालाही सांगतेय: पाचोडकडं तुमचं कुणी असेल, तर दीपमाला नावाच्या बाळंतिणीचं घर शोधा. गुटी आजच थांबवायला सांगा. बाळ दूध पितंय का, तेवढं बघून या.