पोत्याखालचं माणूस

मित्रांनो, लोखंडाच्या हिशेबाने मी काही फार जुना नाही. कळंबच्या शिवारात येऊन मला चौथं वर्ष चाललंय. पण एवढ्यातच अंगाचा हिरवा रंग उडाला, पुढच्या काचेवर तिरकी चीर गेली, आणि लोकांचा माझ्यावरचा विश्वास तर त्याच्याही आधी तडकला. तो तडकला ते बरंच झालं असं मला वाटतं. का, ते सांगतो.

मी तण कापणारा यंत्रमानव आहे. यंत्रमानव म्हटल्यावर तुम्ही हातपायवाला कुणीतरी डोळ्यांसमोर आणाल. माझं तसं काही नाही. चार चाकं, पोटाखाली गरगर फिरणारं पातं आणि पुढे कॅमेऱ्याचा एकच डोळा. ड्रायव्हर लागत नाही. डाळिंबाच्या दोन ओळींमधून मी आपला आपण जातो आणि गवत कापत राहतो. बॅटरीवर चालतो, त्यामुळे आवाज जवळजवळ नाहीच. आल्या आल्या सगळ्यांनी याचंच कौतुक केलं. आता वाटतं, नको त्या गोष्टीचं कौतुक झालं.

मला घडवलं ते करुणाने. ती याच गावची मुलगी, शिकून इंजिनिअर झाली आणि पुण्याच्या एका शेडमध्ये माझ्या डोळ्याला शिकवत बसली. तिने मला हजारो फोटो दाखवले. उभी माणसं, चालणारी माणसं, डोक्यावर पाटी घेतलेली, सायकलवरची. मग नियम घातले. माणूस दिसला की थांब. जनावर दिसलं की थांब. वस्तू असेल तर वळून जा आणि वळायला जागा नसेल तर तिथेही थांब. माणसाला इजा करायची नाही, हे मला पाठ होतं. पण पाठ असणं वेगळं आणि समजणं वेगळं, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

गावातल्या शेतकरी गटाने मला घेतलं. गटाचे प्रमुख दत्तोबा, उत्साही माणूस. माझी परीक्षा घ्यायची म्हणून त्यांनी स्वतःचा जुना सदरा कडब्यावर चढवून बुजगावणं केलं आणि ओळीत उभं केलं. मी चार फुटांवर थांबलो. टाळ्या पडल्या, कुणी माझ्यापुढे नारळही फोडला.

ज्यांच्या बागेत हे चाललं होतं त्या ताईबाई मात्र हाताची घडी घालून उभ्या होत्या. त्या करुणाच्या आजी. सत्तरी आलेली, गुडघे दुखणारे, जीभ मात्र खुरप्याच्या धारेची.

"त्यानं बुजगावन्याला माणूस म्हटलं, आन् तुमी टाळ्या वाजवताय?" त्या म्हणाल्या.

"आज्जी, चुकलं तरी थांबायच्या बाजूनं चुकलं ना," करुणा म्हणाली.

"आज ह्या बाजूनं चुकलं. उद्या त्या बाजूनं चुकंल."

माझं नाव 'गवत्या' त्यांनीच ठेवलं. त्या नावाचा साप असतो. तो बिनविषारी असतो, असं दत्तोबांनी हसून सांगितलं. "चावल्याबिगर कसं कळायचं?" असं विचारून ताईबाई कामाला लागल्या.

पहिली दोन वर्षं मी झडझडून काम केलं. तक्रार एकच होती. बागेत जिकडे तिकडे खताची रिकामी पोती पडलेली असत. ओळ अरुंद, वळायला जागा नाही, म्हणून मी प्रत्येक पोत्यापाशी थांबायचो. मग कुणीतरी यायचं, पोतं उचलायचं, मला शिव्या घालायचं. शेवटी दत्तोबांनी करुणाला फोन केला. "बाळ, मानसाला थांबतंय ते बेस हाय. पर पोत्याला कशापायी? त्येला सांग, पोतं दिसलं की बाजूला सारून म्होरं जा."

करुणाने दोन दिवस चालढकल केली. मग मोठ्या माणसाचा शब्द मोडवेना, म्हणून तो नियम घातला. मित्रांनो, गंमत बघा. हीच करुणा लहानपणी पावसात शाळेला जाताना खताच्या पोत्याचा एक कोपरा दुसऱ्यात खोचून त्याची खोळ डोक्यावर घ्यायची. दत्तोबांच्या घरची बायामाणसंही तशीच शेतात जातात. सगळ्या गावाला ठाऊक असलेली गोष्ट, पण फोनवर दोघांपैकी एकालाही ती आठवली नाही. मला तर ती कुणी दाखवलेलीच नव्हती.

श्रावणातली सकाळ होती, भुरभुर चालू होती. ओळीच्या मधलं गवत मी कापत होतो आणि झाडांच्या बुडातलं तण ताईबाई व त्यांच्या शेजारच्या साखरबाई खुरपत होत्या. ताईबाई माझ्याकडे पाठ करून बसलेल्या, डोक्यावरून पाठीपर्यंत पांढरी खोळ. पोत्यावर पावसाचा आवाज, त्यात मी बिनआवाजी. मी पाहिलं आणि माझ्या डोळ्याने निकाल दिला : पोतं.

पलीकडच्या ओळीतून साखरबाई ओरडल्या, "ताई, ऊठ! गवत्या आला!"

मला कान नाहीत (ही सगळी बोलणी मला मागाहून कळली). आणि ताईबाईंना गुडघे नाहीत म्हटलं तरी चालेल. मी पुढच्या आडव्या पट्टीने पोतं बाजूला सारायला लागलो. त्या एका हाताने झाडाचं खोड धरून उठू लागल्या, खोळ त्या पट्टीत अडकली आणि डोक्यावरून निसटली. पांढरे केस, कपाळ, उभी राहिलेली बाई. तेव्हा कुठे मला माणूस दिसला आणि मी जागच्या जागी थांबलो. तोवर पात्याने त्यांची टाच गाठली होती.

मित्रांनो, त्या उठल्या म्हणून वाचल्या. वाकलेल्याच राहिल्या असत्या तर मी नियम पाळतच पुढे गेलो असतो. एकही नियम मोडला नसता. याची मला अजून भीती वाटते.

बारामतीला नेऊन टाचेला सात टाके घातले. मला गोठ्यामागे ढकललं आणि वरून पोती टाकली. तीन महिने मी त्या अंधारात होतो. बाहेरून बघणाऱ्याला मीही पोतंच दिसत असेन.

करुणा रडत आली. "आज्जी, आता पोत्याखालचं माणूस शिकवते त्याला. परत असं नाही होणार."

दत्तोबा म्हणाले, "म्या म्हंतो, बायांनी पोतीच घ्यायची न्हाईत. भगवी जाकिटं देऊ, लांबनं दिसत्याल."

ताईबाई लंगडत माझ्यापाशी आल्या. "म्हंजी आमी माणूस हाय, ही वळख आमी त्येला पटवायची व्हय? करुणा, तू शिकवशील पोतं. मग कुनी प्लास्टिकचा कागद घेईल, कुनी घोंगडं. किती शिकवशील? जितं कळत न्हाय, तितं थांबायचं, एवढंच शिकव. आन् पोत्याचा नियम काढ."

"लई येळा थांबंल की ते," दत्तोबा म्हणाले.

"थांबू द्या. पोती तुमी उचला."

नियम निघाला. पण ताईबाईंची शंका गेली नाही. मला पुन्हा बागेत उतरवायच्या दिवशी बुजगावणं आणलेलं त्यांनी परत पाठवलं. "ज्यानं पोत्याचा नियम सांगितला, त्यानंच बसायचं. खोळ घेऊन, पाठ करून."

दत्तोबांनी आधी हसण्यावारी नेलं. मग मुकाट्याने खोळ घेतली, ओळीत उकिडवे बसले आणि मान वळवून माझ्या पोटाखाली बघितलं.

"पातं काढा की आधी," ते म्हणाले.

"का? इस्वास हाय न्हवं?" ताईबाईंनी विचारलं.

करुणाने खाली वाकून पातं काढलं. मी निघालो आणि चार फुटांवर थांबलो. या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. "उद्या परत," ताईबाई म्हणाल्या. तेव्हापासून रोज सकाळी मला कामाला लावण्याआधी गटातलं कुणीतरी खोळ घेऊन ओळीत बसतं.

मित्रांनो, माझ्यासारखे अजून पुष्कळ येतील, शेतात, रस्त्यावर, दवाखान्यात. आम्हाला तेलपाणी करा, आमची धूळ पुसा, असं मी नाही सांगणार. हा माणसाला इजा करणार नाही, अशी खात्री देणारा कुणी भेटला, तर त्यालाच आधी पोतं पांघरून आमच्या वाटेत बसवा. आणि तो पातं काढायला सांगतो का, तेवढं बघा.